गिऱ्हाइकाचा पत्ता हातात आला, आता पुढे?

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. बेळगावच्या वडगावात सासरी माग आहेत, साड्या घरातूनच विकतो, आणि तोवर प्रत्येकीशी वेगळं बोलून ऑर्डर घेत होते. नव्या साड्यांचे फोटो एकशेचाळीस जणींना एकेक करून पाठवण्यापेक्षा सगळ्यांना एका ग्रुपात घातलं की काम सोपं, असं वाटलं. चौथ्या दिवशी निपाणीच्या एका बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली गेलेला होता. "अक्का, माझा नंबर कुणाकुणाला दिलासा?"

रात्री अकरानंतर त्यांना एका अनोळखी नंबरावरून मेसेज येत होते. आधी फुलांचे, मग 'साडीत छान दिसत असाल' असले. ग्रुपातल्या कुणाच्या तरी घरातला फोन असणार. त्या बाई एकट्या राहतात. 'मी कुणालाच दिला नाही' असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एकशेचाळीस जणांना दिला होता, आणि मीच दिला होता.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आता घरोघरी कुणीतरी काहीतरी ऑनलाइन विकतंय. कुंदा, करदंट, काजू, गूळ, साड्या, लोणची. दुकान नाही, पाटी नाही, फक्त एक फोन. तो फोन उघडला की शेकडो बायकांची नावं, घरांचे पत्ते, नंबर निघतात. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ही माहिती कशी घ्यायची, कशी ठेवायची आणि कधी टाकून द्यायची, हे मी ज्या क्रमाने शिकले त्या क्रमाने लिहिते.

आधी शोधा, माहिती कुठे कुठे पडलीय

एक कोरी वही घ्या आणि तासभर बसा. गिऱ्हाइकाची माहिती तुमच्याकडे कुठे आहे ते लिहा. मी बसले तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन ठिकाणं निघतील. अकरा निघाली. व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा, इन्स्टाग्रामचे मेसेज, कॉन्टॅक्ट यादी, ऑर्डरची वही, गुगल शीट, कुरिअरचं अ‍ॅप, बिलबुक, पुतण्याचा फोन (पार्सल टाकायला तोच जायचा), नवऱ्याच्या फोनमधला जुना बॅकअप, उरलेल्या लेबलांचा गठ्ठा. आणि गॅलरी.

गॅलरीकडे नीट बघा. गिऱ्हाईक पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवतं, तो आपोआप गॅलरीत साठतो. त्यावर पूर्ण नाव, यूपीआय आयडी, बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे आकडे, व्यवहाराचा क्रमांक असं सगळं असतं. माझ्याकडे असे सहाशेवर स्क्रीनशॉट होते, मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोंत मिसळलेले. त्याच गॅलरीतून तो आजीला फोटो दाखवायचा, मावशीला पाठवायचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन मीडिया गॅलरीत दिसू देण्याचा पर्याय आजच बंद करा. आणि स्क्रीनशॉट मागणंच सोडा. खोटा स्क्रीनशॉट बनवणं आता पोरांचा खेळ झालाय, त्यामुळे पैसे आले की नाही ते आपल्या खात्यातच बघायला लागतं. मग तो घेऊन करायचं काय?

पार्सलला लागतं तेवढंच मागा

साडी पोहोचवायला नाव, पत्ता, पिनकोड आणि एक मोबाईल नंबर लागतो. बस. जन्मतारीख, ईमेल, लग्नाचा वाढदिवस यातलं काही लागत नाही. 'वाढदिवसाला सूट देऊ' म्हणून मीही तारखा गोळा केल्या होत्या, एकदाही सूट दिली नाही. तारखा मात्र दोन वर्षं शीटमध्ये पडून होत्या.

आधार कार्डाचा फोटो कधीच मागू नका. कॅश ऑन डिलिव्हरीत पार्सल परत येतं म्हणून काहीजण आधार मागतात. परत येणारं पार्सल आधाराने थांबत नाही, थोडे पैसे आधी घेतल्याने थांबतं. डेबिट-क्रेडिट कार्डाचा नंबर तर वहीतसुद्धा लिहून घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून विक्रेत्याला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा तपशील स्वतःकडे साठवता येत नाही. यूपीआय किंवा पेमेंट लिंक द्या, म्हणजे कार्डाचा तपशील तुमच्यापर्यंत येतच नाही. आणि ओटीपी कुणी स्वतःहून सांगायला लागलं तरी थांबवा. आमच्या काही म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना खरंच वाटतं की तो आपल्याला सांगायचा असतो.

ब्लाऊज शिवून देत असाल तर मापं येतात. बाईच्या अंगाची मापं आहेत ती, नाव-पत्त्याच्या रांगेत उघडी ठेवायची गोष्ट नव्हे. मी ती शीटमध्ये घालत नाही. शिंपीण बाईंकडे चिठ्ठी जाते तीवर ऑर्डरचा क्रमांक आणि मापं असतात, नाव नसतं. ब्लाऊज झाला की चिठ्ठी परत येते आणि फाटते. परकर-पोलक्यासाठी लहान मुलीचं माप लागलं तर ते तिच्या आईकडूनच घ्या. कायद्याने अठरा वर्षांखालचं ते मूल, आणि मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. चौदा वर्षांच्या मुलीने इन्स्टाग्रामवरून स्वतःच ऑर्डर दिली, तर "बाळा, आईला मेसेज करायला सांग" एवढं लिहून थांबा.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला लढवणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 आला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. मुदत आहे म्हणून बसून राहू नका. शीट वाढायच्या आत शिस्त लागलेली बरी.

या कायद्यात तुम्हाला 'डेटा फिड्युशरी' म्हटलंय, म्हणजे विश्वस्त. दुसऱ्याची वस्तू त्याच्याच कामासाठी सांभाळणारा. देवस्थानाचे विश्वस्त आपल्याला माहीत आहेत, तीच कल्पना. धंदा लहान म्हणून कायदा आपोआप माफ करत नाही. निव्वळ कागदावर राहिलेल्या नोंदींना तो लागत नाही, पण त्या वहीच्या पानाचा फोटो काढून पुतण्याला पाठवलात की ती माहिती डिजिटल झाली. आणि तुमच्या वतीने ती माहिती कुणी हाताळत असेल, शीट भरणारा मुलगा असो की वेबसाइट बघणारा, त्याच्या चुकीला कायद्यापुढे तुम्हीच जबाबदार.

सांगून घ्या, आणि तिच्या भाषेत सांगा

ऑर्डरसाठी गिऱ्हाइकाने स्वतःहून दिलेला पत्ता त्याच ऑर्डरसाठी वापरायला वेगळी परवानगी लागत नाही. तोच नंबर पुढे जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर मात्र संमती लागते, आणि ती स्पष्ट हवी. गप्प बसली म्हणजे हो, असं धरता येत नाही. वेबसाइट असेल तर 'मला ऑफर पाठवा' या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवू नका. 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक नियमांनीही खरेदीच्या संमतीसाठी अशी आधीच केलेली खूण मना केलीय.

माझा पहिल्या ऑर्डरला जाणारा मेसेज असा आहे, हवा तर घ्या:

"तुमचं नाव, नंबर आणि पत्ता आम्ही ही ऑर्डर पोहोचवायला आणि बिलासाठी घेतो. पार्सलपुरता तो कुरिअरला देतो, बाकी कुणाला देत नाही. नव्या साड्यांचे फोटो हवे असतील तर 'हो' लिहा, नको असतील तर काही लिहू नका. नंतर कधीही 'नको' लिहिलंत की फोटो येणं बंद होईल. तुमची आमच्याकडची माहिती बघायची, दुरुस्त करायची किंवा काढायची असेल तर याच नंबरावर सांगा. आमच्याकडे तक्रार सुटली नाही तर केंद्र सरकारच्या डेटा संरक्षण मंडळाकडे दाद मागता येते."

हाच मेसेज कन्नडमध्येही तयार आहे, त्यात 'नको'च्या जागी 'बेडा'. आपल्या भागात हे सौजन्य आहेच, पण कायद्याचंही म्हणणं तेच आहे. अशी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू, हिंदी, म्हणजे बेळगावच्या बाजारात एका दिवसात कानावर पडणाऱ्या सगळ्या भाषा त्यात आहेत. मोबाईलने केलेलं भाषांतर मात्र तसंच पाठवू नका. शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंनी माझा मसुदा वाचला तेव्हा 'कुरिअरला देतो'चा अर्थ 'कुरिअरला विकतो' असा झाला होता.

भाषेवरून आणखी एक. माझं माहेर महाराष्ट्रातलं चंदगड, त्यामुळे लिहिलेलं कन्नड वाचताना मी आजही अडखळते. बैलहोंगलच्या एका गिऱ्हाइकाने हाताने लिहिलेल्या पत्त्याचा फोटो पाठवला होता, आणि आमच्याकडे कामाला असलेल्या मुलीने तो सरळ गल्लीच्या ग्रुपवर टाकला. 'कुणाला वाचता येतंय?' पाच मिनिटांत चौघांनी वाचून दिला. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. पण त्या बाईचं नाव, घर नंबर आणि मोबाईल दोनशे फोनांत जाऊन बसला तो बसलाच. आता पत्ता अडला की मी त्याच बाईंना फोन लावते आणि तोंडी विचारून लिहून घेते. ज्याचा पत्ता, त्यालाच विचारायचं.

फोटो पाठवायची वाट

ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. मेसेज प्रत्येकीला वेगळा जातो, एकीला दुसरीचा नंबर दिसत नाही. एका लिस्टमध्ये 256 जणी मावतात. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोहोचतो, ही अडचण नसून चाळणी आहे. जिला साड्या बघायच्या आहेत ती नंबर सेव्ह करते.

गिऱ्हाईक साडी नेसून फोटो पाठवतं, आनंद होतो, लगेच स्टेटसला लावावासा वाटतो. थांबा. तो तिने तुम्हाला पाठवलाय, गावाला नाही. "लावू का? चेहरा झाकून लावू की पूर्ण?" असं विचारा. खानापूरच्या एका नव्या सुनेने मला कळवलं होतं, "वहिनी, पदराचा लावा, तोंडाचा नको, आमच्या घरात चालत नाही." न विचारता लावला असता तर तिला घरात काय ऐकावं लागलं असतं, ते मी इथे बसून कसं ओळखणार?

पार्सल बांधताना

दिवाळीत पार्सलांचा ढीग लागतो आणि त्याचा फोटो स्टेटसला टाकायची हौस असते. मीही टाकलाय. फोटो बोटांनी मोठा केला तर वरच्या सात लेबलांवरची नावं, पत्ते, नंबर लख्ख वाचता येत होते. ठग लोकांना नेमकं हेच हवं असतं. बाईने साडी मागवलीय, पार्सल वाटेत आहे, हे कळलं की 'पत्ता चुकलाय, या लिंकवर पाच रुपये भरा' असा फोन जातो, आणि तो खरा वाटतो, कारण पार्सल खरंच यायचं असतं. फोटो काढायचाच असेल तर लेबल चिकटवायच्या आधी काढा.

लेबलावर नाव, पत्ता, नंबर एवढंच. आत काय आहे, किती किमतीचं आहे, हे बाहेर मोठ्या अक्षरांत लिहू नका. चुकून दोनदा छापलेली लेबलं, रद्द झालेल्या ऑर्डरींच्या चिठ्ठ्या हातानेच बारीक फाडा. आमच्याकडची रद्दी कुठे जाते ते मला एका संध्याकाळी कळलं. कोपऱ्यावरच्या गाड्यावर चिरमुऱ्याची पुडी उलगडली, तर आतल्या बाजूला माझंच अक्षर होतं. 'टिळकवाडी, दुसरा मजला, सकाळी दहानंतर एकट्या असतात, तेव्हा द्या.' कुरिअरवाल्याच्या सोयीसाठी मी लिहिलेली सूचना होती ती. त्या रात्री मी जेवले नाही.

तेव्हापासून असलं काही लिहून ठेवत नाही. वेळ सांगायची असेल तर 'दहानंतर' एवढंच पुरतं.

सांभाळण्याचं साधं कुलूप

धंद्याचा नंबर वेगळा ठेवा, जमलं तर फोनही. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घाला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये महिन्यातून एकदा डोकावा, सायबर कॅफेतला किंवा भाच्याचा कॉम्प्युटर अजून जोडलेला असू शकतो. गुगल शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी उघडी ठेवू नका, माणसागणिक परवानगी द्या आणि माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी काढा. ऑर्डर गुगल फॉर्मवर घेत असाल तर उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्यांना दिसू देण्याचा पर्याय बंद आहे ना, ते स्वतः एकदा खोटी ऑर्डर भरून बघा.

फोन दुरुस्तीला देताना आणि जुना फोन विकताना विसरायला होतं. विकायच्या फोनवर फॅक्टरी रीसेट करा, मेमरी कार्ड आणि सिम काढून घ्या.

कधी पुसायचं

पार्सल पोहोचलं, बदलून घ्यायची मुदत संपली, की त्या ऑर्डरचं चॅट मी काढून टाकते. महिन्याच्या पहिल्या तारखेला, रात्री भांडी आवरल्यावर, अर्धा तास लागतो. बिलं मात्र ठेवावी लागतात. जीएसटी नोंदणी असेल तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेबाची कागदपत्रं सांभाळायची असतात. कोल्हापूर आपल्याला घरचं वाटतं, पण जीएसटीच्या लेखी ते परराज्य, म्हणून गिऱ्हाईक कुठल्या राज्यातलं ही नोंदही लागते. नोंदणीचं काय ते हिशेबनिसालाच विचारा. म्हणजे बिलातलं नाव-पत्ता राहील, पण गप्पा, मापं, घराचे फोटो, लोकेशन यांची धंद्याला गरज नाही.

गिऱ्हाइकाने स्वतः 'माझं सगळं काढा' म्हटलं तर कारण विचारू नका. काय काढलं आणि बिलापुरतं काय ठेवावं लागतंय, दोन्ही सांगा. डेटा कायद्याच्या नियमांनी तक्रार सोडवायला जास्तीत जास्त नव्वद दिवस दिलेत. छोट्या धंद्याला इतके कशाला लागतात? मी दोन दिवसांत करते.

आणि हातून गेलंच तर

फोन चोरीला गेला, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, शीट चुकून सगळ्यांना गेली. असं झालं की पहिला विचार येतो, गप्प राहावं, कुणाला कळणार आहे. तोच घात करतो. सिम लगेच बंद करा आणि त्याच नंबराचं नवं सिम घ्या. त्या नंबराने व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा सुरू केलं की दुसऱ्याचं बाहेर पडतं. पोलिसांत तक्रार द्या, चोरीचा फोन संचार साथी पोर्टलवरून ब्लॉक करता येतो. कुणाचे पैसे गेले असतील तर 1930 या हेल्पलाइनवर त्याच घटकेला फोन करा, तासाभराने नाही. नव्या कायद्याप्रमाणे माहिती गळाली की डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, 72 तासांत सविस्तर तपशील द्यायचा, आणि ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला सांगायचं. पुरेशी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये, कळवलं नाही तर 200 कोटी. हे आकडे मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून आहेत आणि दंड ठरवताना चूक किती गंभीर हे मंडळ बघतं, पण कळवण्याचं कर्तव्य लहान-मोठ्या सगळ्यांना सारखंच आहे.

गिऱ्हाइकांना जाणारा मेसेज साधा ठेवा. काय गेलं, कधी गेलं, त्याने काय होऊ शकतं, त्यांनी काय करावं. "काल संध्याकाळी माझा फोन चोरीला गेला. त्यात तुमचं नाव, पत्ता आणि नंबर होता, बँकेची माहिती नव्हती. माझ्या नावाने कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका, मला या नंबरावर विचारा." 'काही तांत्रिक कारणांमुळे' असलं लिहू नका, वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

निपाणीच्या बाईंच्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं. ग्रुप मोडला आणि एकशेचाळीस जणींना एकेक करून कळवलं, माझ्यामुळे तुमचा नंबर इतरांना दिसला, त्रास झाला तर सांगा. तिघींनी सांगितलं, त्यांनाही मेसेज येत होते. वाचता न येणाऱ्या नऊ जणी होत्या, त्यांना फोन केला, चौघींशी मोडक्या कन्नडमध्ये बोलले. त्या नऊ फोनांना एक दुपार लागली. तुमच्यावर वेळ आली तर या फोनांपासूनच सुरुवात करा, कारण मेसेज वाचून सावध होणं त्यांना जमणार नसतं.